कणगीखालचे दिवे

दादर, मुंबई
९ फेब्रुवारी १९७५

साहेबराव,

जयभीम. भोरच्या शाळेत मास्तरांच्या टकलावर आरशाचा कवडसा पाडून छड्या खाणारा तुझा मित्र आता कवडशांवरच पोट भरणार आहे. हसू नकोस. इतकी वर्षं दुसऱ्या कॅमेरामनच्या हाताखाली दिवे उचलले, आता एक चित्रपट माझ्या एकट्याच्या नावावर मिळालाय. नलू तर शेजारणींना सांगत सुटलीय. मी तिला म्हटलं, अगं, अजून एक फूटही फिल्म फिरलेली नाही.

गोष्ट एका म्हातारीची आहे आणि सगळी एकाच घरात घडते. दिग्दर्शकाला स्टुडिओतलं पुठ्ठ्याचं घर नको, खरं हवंय. मी मोठ्या तोंडानं सांगून टाकलं की वेल्ह्याकडे माझा मित्र मास्तर आहे, तो घर बघून देईल.

आमच्यात दिवा सरळ नटाच्या तोंडावर मारतात. मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली पडते आणि चुलीपुढची बाई नाटकातल्या राणीसारखी दिसते. घरात उजेड असा येतो का रे? दारातून येतो, जमिनीवर पडतो, तिथून उठून चेहऱ्याला लागतो. मला तसा हवाय. त्यासाठी माळ्याखाली पांढरं कापड ताणायचं, दिव्यांची तोंडं वर करायची आणि कापडावरून परत खाली येईल तेवढ्याच उजेडात काम करायचं. याला बाऊन्स म्हणतात.

अडलंय ते दिव्यांवर. एक आहे पाच हजार वॅटचा, पुढे जाड भिंग असलेला. तो अंगणात लांब उभा करून दारातून कापडावर झोत टाकता येतो. त्याची धग बाहेरच राहते, पण त्याला समोर मोकळी वाट लागते. दुसरे आहेत क्वार्ट्झचे, हजार वॅटचे, उघड्या तोंडाचे. भिंग नाही, म्हणून उजेड वाया जात नाही. चार कोपऱ्यांत चार ठेवले की कापड सगळीकडे सारखं उजळतं. पण ते घरातच ठेवावे लागतात आणि तापतात फार.

तेव्हा कळव : घर कोणतं, माळा किती उंच, दारासमोर वाट मोकळी आहे का, आणि माळ्यावर पेट घेईल असं काही आहे का? मुंबईत बसून शेळ्या हाकतोय, पण तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

तुझा,
केशव

*

गुंजवणे
२० फेब्रुवारी १९७५

केशव,

जयभीम आणि अभिनंदन. तुझी ती छडी मीही खाल्ली होती, आरसा माझा होता म्हणून. ते तू सोयीनं विसरलास.

घर बघायला लांब जायला नको. माझ्या चुलतीचं, पारूकाकीचं घर आहे. काका गेले, मूलबाळ नाही, मी दोन वेळा तिच्याकडेच जेवतो. मातीचं, कौलारू, आतून धुरानं काळं. माळा कामट्यांचा आहे, मी हात वर केला की लागतो. आमच्या वस्तीत अकरा घरं, सगळ्यांची थोडीथोडी भातखाचरं. त्यात काकीचा मान मोठा. रोपाचा वाफा कुणाचाही असो, बियाण्याची पहिली मूठ तिच्या हातची पडते. बीसुद्धा बहुतेक घरं तिच्याकडूनच नेतात. सासूच्या वेळेपासून जपलेलं आंबेमोहोर आहे. आम्ही देव सोडले, नवस सोडले, पण 'पारूबाईच्या हाताला गुण आहे' हे काही सुटलं नाही. मी विहारात दर रविवारी कार्यकारणभाव सांगतो. लोक ऐकतात आणि जूनमध्ये तिला बोलवायला जातात.

माळ्यावर पेंढा आणि गोवऱ्या आहेत, त्या मी उतरवतो. बियाण्याची कणगी मात्र राहील. ती शेणामातीनं लिंपून बंद केलेली असते आणि पेरणीच्या दिवसाआधी तिला हलवायचं नाही, असा रिवाज आहे. काकी म्हणाली, "घर घ्या, भांडी घ्या, मला बी घ्या शिनेमात. कणगीला हात लावायचा न्हाई." लिंपलेली आहे, पेट घ्यायची भीती नाही.

आता वाट. दारासमोर पडवीचा कूड आहे. तुझा मोठा दिवा बाहेर ठेवायचा तर तो कूड पाडावा लागेल, आणि तो काकांनी स्वतः विणलेला आहे. तेव्हा माझं मत विचारशील तर छोटे दिवे आत ठेव.

साहेबराव

*

दादर
२ मार्च १९७५

साहेबराव,

ठरलं. क्वार्ट्झचे चार दिवे, चार कोपऱ्यांत. कूड शाबूत राहील. खरं सांगायचं तर माझाही जीव त्याच दिव्यांवर होता. मोठ्या दिव्याचा झोत एका जागी पडतो, मग कापडावर डाग दिसतो आणि तोच डाग नटीच्या कपाळावर उतरतो. कापड निम्मा उजेड खाऊन टाकतं आणि काळ्या भिंती उरलेल्यातला खातात, म्हणून दिवे दिवसभर चालू ठेवावे लागतील. जनरेटरची गाडी रस्त्यावर थांबेल, तिथून वायर ओढू.

महिनाअखेरीला पोचतो. काकींना सांग, सिनेमात त्यांना घेणार. शेजारीण म्हणून तांदूळ निवडत बसायचं आहे. बोलायचं काही नाही.

केशव

*

गुंजवणे
१८ एप्रिल १९७५

केशव,

तुम्ही गेलात आणि वस्ती सुनी झाली. पोरं अजून फळकुटाचा कॅमेरा करून एकमेकांना 'कट, कट' म्हणतात. तू ठेवून गेलेलं पांढरं कापड आम्ही जयंतीला विहारापुढे बांधलं. काकी सांगत फिरतेय की आपण नटीपेक्षा बरे तांदूळ निवडले. ते खरं आहे, नटी खडे ठेवून तांदूळ टाकत होती.

तुझं काम बघितलं. दिवे लागले की घर नुसतं पहाटेसारखं व्हायचं. दिवा कुठे आहे हेच कळायचं नाही. तू शिडीवर चढून कापडाच्या दोऱ्या ओढायचास तेव्हा मी सगळ्यांना सांगत होतो, हा माझ्या बाकावरचा. इतकं मिरवून घेतलं की आता स्वतःचीच गंमत वाटते.

साहेबराव

*

दादर
६ मे १९७५

साहेबराव,

चित्रित केलेलं सगळं पडद्यावर पाहिलं. अरे, म्हाताऱ्या नटीच्या गालावरची सुरकुती न् सुरकुती दिसते आणि तरी चेहरा कडक दिसत नाही. दिग्दर्शकानं मला मिठी मारली. दिवे बरोबर निवडले.

काकींना नमस्कार. त्यांचं सगळं ठीक ना? घरातलं, माळ्यावरचं? सहज विचारतोय.

केशव

*

गुंजवणे
२९ जून १९७५

केशव,

ठीक नाही.

काकीचं बी उगवलं नाही. काकीचंच नाही, तिच्याकडून ज्यांनी नेलं त्या सगळ्यांचं. अकरातल्या नऊ घरांचे वाफे उघडे पडलेत. शेजारच्या वस्त्यांतून उरलंसुरलं रोप मागून आणलं, त्यात निम्मी खाचरं लागली, निम्मी तशीच आहेत.

फुलाबाईनं सगळ्यांच्या देखत म्हटलं, "पारूबाईच्या हाताचा गुण ग्येला. म्हातारीनं आता मूठ धरू ने." फुलाबाई तोंडाची फटकळ आहे, पण बाकीचे गप्प राहिले हे जास्त वाईट झालं. काकी तिथंच होती. म्हणाली, "व्हय बाई, हात थकला माजा," आणि घरी आली. तेव्हापासून ती कुणाच्या दारी जात नाही.

साहेबराव

*

दादर
१४ जुलै १९७५

साहेबराव,

वाचून वाईट वाटलं. कधीकधी बियाण्याला आतून ओल लागते, कीड लागते. वर्ष एकसारखं नसतं. पुण्याला शेतकी खात्यात माझ्या ओळखीचे एक जण आहेत, त्यांना सांगून चांगलं सुधारित बी पाठवतो. सगळ्या घरांना पुरेल एवढं. तू नाही म्हणू नकोस.

हाताचा गुण वगैरे काही नसतं हे तू लोकांना समजावून सांगशीलच. तुझं ऐकतात ते.

केशव

*

दादर
१० नोव्हेंबर १९७५

साहेबराव,

चार महिने तुझं उत्तर नाही. नलू म्हणते, "खाई त्याला खवखवे. तुम्ही एवढे कासावीस का होता?" तेव्हा सांगतोच.

गेल्या आठवड्यात चित्रपट काही मंडळींना दाखवला. दिवे लागल्यावर एक जाणते गृहस्थ उठून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "घरातला असा उजेड मी पडद्यावर पाहिला नव्हता." सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला त्या कापडाच्या वर काय होतं तेवढंच दिसत होतं.

शूटिंग निम्मं झालं असेल. कापड सैल झालं म्हणून मी शिडीवर चढलो. तोल सावरायला कामट्यांतून हात घातला तो कणगीच्या बुडाला लागला. चटका बसला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीचा बसतो तसा. दिव्यांची सगळी धग वर जात होती आणि वर ती कणगी होती. तू मला लिहिलं होतंस की त्यात बियाणं आहे. मला आठवत होतं. मी शेतकऱ्याचा मुलगा नाही, पण भाजलेला दाणा रुजत नाही हे कळायला शेतकरी असावं लागत नाही. खाली नटी रडायच्या तयारीत बसली होती. मी दोरी ओढली आणि उतरलो. पुढचे सगळे दिवस दिवे तसेच चालले.

तुला पेट घेण्याबद्दल विचारलं आणि मी जबाबदारीतून सुटलो असं मनाशी म्हटलं. मे महिन्यात 'सहज विचारतोय' लिहिलं ते सहज नव्हतं. जुलैत ओल आणि कीड लिहिली, तेव्हा मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, माझ्या मनात चार-चार दिवे लागलेत.

हे पत्र काकींना वाचून दाखव. त्यांच्या हाताचं काही चुकलेलं नाही, हे त्यांना कळलंच पाहिजे.

केशव

*

गुंजवणे
१८ जानेवारी १९७६

केशव,

तुझं पत्र मी काकीला वाचून दाखवलं नाही. दोन महिने ट्रंकेत ठेवलं. का, ते ऐक.

तू निदान कणगीला हात लावलास. मी तोही लावला नाही. त्याच दिवसांत काकी मला पडवीत गाठून म्हणाली होती, "सायबू, वर कणगी लई तापलीया रं. ते दिवं जरा हलवाया सांग की." मी म्हटलं, "काकी, लिंपलेली आहे. बाहेरून तापते, आत काही होत नाही." मास्तर बोलला म्हटल्यावर ती गप्प बसली. मला तरी काय माहीत होतं आत काय होतं ते? बघायला चार पायऱ्या चढायला हव्या होत्या. पण तुला जाऊन 'दिवे हलव' म्हणायचं जिवावर आलं. तुझा मोठेपणा मी माझा म्हणून मिरवत होतो.

आणि याहून वाईट ऐक. जूनमध्ये फुलाबाई हाताच्या गुणाचं बोलली, त्या रविवारी विहारात सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. दर आठवड्याला कार्यकारणभाव सांगणारा मी. कारण मला माहीत होतं. मी बोललो नाही. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं, केशव. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं. तुझ्या जुलैच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण तू खोटं लिहितोयस हे मला कळत होतं आणि ते मला हवंच होतं.

परवा काकी पेज वाढत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं, तुझंही, माझंही. तिनं पळी खाली ठेवली नाही. म्हणाली, "मला ठावं हाय."

मी विचारलं, कधीपासून?

"वाफा उघडा दिसला तवा कनगीच्या बुडाशी उरल्याला दाना काढला. दाताखाली धरला तर कुडकुडला, फुटान्यावानी. दिव्यांनीच भाजला, आनि कोन भाजनार?"

मग बोलली का नाहीस म्हटलं. तर म्हणाली, "काय बोलू? सायबूनं आनल्याल्या दिव्यांनी नऊ घरांचं बी खाल्लं म्हनू? तुज्या शब्दावर ह्या बायकांनी पोरी साळंत धाडल्या. उद्या म्हनतील, मास्तराचं काय ऐकायचं? माज्या हाताला बोल लागला तर लागू दे. हात म्हातारा झालाय, त्याला कोन इचारतंय."

तिला कोण विचारतं हे मला माहीत आहे. जून आला की सगळी वस्ती विचारत होती. तो एक दिवस तिचा असायचा. मी खरं सांगितलं तर तिनं माझ्यासाठी सोसलेलं सगळं मातीमोल होतं, आणि गप्प राहिलो तर येत्या जूनमध्ये ती घरात बसून राहील. मी काय करू?

साहेबराव

*

दादर
२ फेब्रुवारी १९७६

साहेबराव,

सांग. दुसरं काही करता येणार नाही. पण एकट्यानं सांगू नकोस. दिवे मी निवडले, मी लावले. १४ एप्रिलला जयंतीला सगळे विहारात जमतील, तेव्हा मी येतो आणि तुझ्या शेजारी उभा राहून बोलतो. शब्द देतो.

केशव

*

गुंजवणे
१६ एप्रिल १९७६

केशव,

तुझी तार मिळाली. मद्रासला काम निघालं, ठीक आहे. मी एस. टी. च्या थांब्यावर संध्याकाळपर्यंत उभा होतो, तार नंतर मिळाली.

मी सांगितलं. तुझा वाटा थोडक्यात सांगितला, माझा पूर्ण. कुणी ओरडलं नाही. रखमाजी तेवढा उठून म्हणाला, "गुर्जी, म्हातारीनं सांगितलं तवा वर हात लावून बघितला का तुमी?" मी म्हटलं, नाही. तो खाली बसला. त्यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फुलाबाईची पोरगी दोन दिवस शाळेत आलेली नाही.

काकी सभेतून मधेच उठून गेली. माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं एवढंच असावं की तिनं जे दिलं होतं ते मी तिला न विचारता परत केलं.

डोंगरापलीकडे तिची बहीण आहे, तिच्याकडे हेच बी पूर्वी गेलेलं आहे. ते आणायला निघतोय. तुझं सुधारित बी पाठवू नकोस.

साहेबराव

*

गुंजवणे
२७ जून १९७६

केशवास पारूबाईचा जयभीम.

मी सांगती आनि सायबू लिवतो. मी म्हनेन तसंच लिवायचं, मास्तरकी करायची न्हाई, असं त्याला बजावलंय.

बहिनीकडचं बी आलं. वस्तीला वाटलं. रखमाजी आला बोलवाया, "मावशी, मूठ धरा," म्हनला. आनिक सात घरं आली. फुलाबाई आली न्हाई. मग मीच तिच्या वाफ्यावर ग्येले. ती पाठ करून हुबी. म्या मूठ टाकली न्हाई. तिच्या पदरात बी घातलं आनि म्हनलं, तूच टाक, बी चांगलं हाय. तिनं टाकलं. समद्यांचं रोप बोटबोट वर आलंय. तिची पोरगी बी साळंत याया लागली. म्हंजी माजं गप ऱ्हानं फुकाट ग्येलं आनि ह्याचं बोलनं बी. पोरी साळंत ऱ्हायल्या त्या आपल्या आपन.

तू आला न्हाईस. काम निघालं म्हनं. सायबू म्हनतो, खरंच काम आसंल. मी म्हनते, भ्यालास. भ्यायचं काय त्यात? म्या काय बी मागायची न्हवते. शिनेमात माजं घर लई उजळ दिसतं म्हनं. माज्या घरात इतका उजेड आमी कदी बगितला न्हाई, तुमी बगितला. बगा.

दोगं शिकली-सवरली मानसं वरीसभर एकमेकांस्नी पत्रं लिवत बसला. कनगी माजी, बी माजं, हात माजा. मला इचाराया कुनी येत न्हवतं.

आता भात निघाल्यावर ये. नलूला घिऊन ये. नव्या तांदळाचा भात करीन. दोगांस्नी शेजारी बसवीन आनि वाढीन. ह्यो सायबू गेल्या जूनपास्नं माज्या घरात मान वर करून जेवल्याला न्हाई. रोज येतो, ताटात बगून जेवतो, ताट धुतो, जातो. मी बोलत न्हाई म्हनून न्हवं. मी बोलत हुते तवा बी तसाच जेवायचा.

हे बी लिव म्हनलं तर त्याचा हात थांबला. मला वाचाया येत न्हाई, आनि तुजं एक पत्र त्यानं माज्यापास्नं लपवल्यालं हाय. तवा त्यानं हे लिवलंय का गाळलंय, ते तू आल्यावर मला सांग.